बायडन यांची हवामानविषयक कामगिरी: शंभरपैकी किती गुण?

पाणलोट (धागाकर्ते)

जो बायडन यांच्या चार वर्षांबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा हवामान कायदा त्यांनी आणला. दुसरा म्हणतो, तेलाचं विक्रमी उत्पादनही त्यांच्याच काळात झालं. दोन्ही खरं आहे, म्हणून नुसत्या घोषणांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

थोडक्यात पट असा. २० जानेवारी २०२१ ला, पहिल्याच दिवशी पॅरिस करारात परत जाण्याचा आदेश आणि कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीची परवानगी रद्द. एप्रिल २०२१ मध्ये उद्दिष्ट जाहीर: २०३० पर्यंत उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ५० ते ५२ टक्क्यांनी कमी. १६ ऑगस्ट २०२२ ला इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टवर, म्हणजे वर म्हटलेल्या हवामान कायद्यावर, सही (पुढे नुसतं 'आयआरए' म्हणू). आणि ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने त्यातला मोठा भाग मोडीत काढला.

मग गुण कशावर द्यायचे? हेतूवर, कायद्यावर, उत्सर्जनाच्या आकड्यावर, की जे टिकलं त्यावर? माझं मत: पास, पण काठावर. पुढच्या माणसाला तीन वर्षांत उसवता यावी इतकी कच्ची शिवण या कायद्याला होती. असहमत असाल तर जरूर लिहा, पण तपशील द्या.

सनद

पाणलोट, शिवण कच्ची होती हे मान्य, पण दुसरा दोरा हातात होता का हेही बघायला हवं.

सिनेट ५०-५० अशी दुभंगलेली. साध्या विधेयकावरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात, ती मिळणं शक्यच नव्हतं. उरला अर्थसंकल्पीय समेटाचा मार्ग, ज्याला रिकन्सिलिएशन म्हणतात. तिथे ५१ मतं पुरतात, पण बर्ड नियम आडवा येतो: प्रत्येक कलमाचा सरकारी जमा-खर्चाशी थेट संबंध हवा. "वीज कंपन्यांनी अमुक सालापर्यंत इतके टक्के स्वच्छ वीज पुरवलीच पाहिजे" हा आदेश झाला, तो या दारातून आत येत नाही. "स्वच्छ वीज केलीत तर कर कमी" हा जमा-खर्च झाला, तो येतो.

मधला पर्याय काढलाही होता. स्वच्छ विजेचा वाटा दरवर्षी वाढवणाऱ्या कंपन्यांना पैसे आणि मागे पडणाऱ्यांकडून वसुली, अशी १५० अब्ज डॉलरची योजना. ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडन यांच्याच पक्षाचे वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन यांच्या विरोधामुळे ती गळाली. मग ३० जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध ईपीए (केंद्राची पर्यावरण संस्था) खटल्यात ६-३ ने सांगितलं की वीजनिर्मितीचं अख्खं स्वरूप बदलण्याइतका मोठा निर्णय काँग्रेसच्या स्पष्ट शब्दांशिवाय पर्यावरण संस्थेला घेता येणार नाही. म्हणजे नियमांची वाटही अरुंद झाली.

अशा अवस्थेत ७ ऑगस्ट २०२२ ला सिनेटमध्ये ५१-५० ने कायदा मंजूर झाला, ५१ वं मत उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचं. प्रतिनिधीगृहात २२०-२०७. आणि जुलै २०२५ मध्ये तो मोडणारा कायदाही सिनेटमध्ये ५१-५० नेच मंजूर झाला, तेव्हा निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचं. ज्या दारातून आत आला त्याच दारातून बाहेर काढला गेला.

काळी_माती

म्हणजे साम, दाम, दंड, भेद यांतलं फक्त दामच हाती होतं. दाम थांबले की काम थांबलं.

करदाता

काळी_माती, दामाचं गणित कसं होतं तेही बघू. नुसतं 'अनुदान' म्हटलं की अर्धं सुटून जातं.

घरावरच्या सौर संचाला खर्चाच्या ३० टक्के सवलत होती. ही उत्पन्नातली वजावट नव्हे, थेट देय करातली वजावट. समजा ८ किलोवॅटचा संच, वॅटला ३ डॉलर दराने २४,००० डॉलर. सवलत ७,२००. पण त्या वर्षी तुमचा केंद्रीय करच ५,००० डॉलर असेल तर ५,००० वजा होणार आणि २,२०० पुढच्या वर्षी ओढायचे. रोख हातात येत नाही. ज्याला करच लागत नाही, उदाहरणार्थ फक्त सामाजिक सुरक्षा पेन्शनवर जगणारं जोडपं, त्याला शून्य. आपल्याकडे पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात, कर भरता की नाही हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतली योजना रकमेने मोठी, पण तळाच्या घरापर्यंत पोचायला अवघड.

हीट पंपाची (घर गरम-थंड करणाऱ्या विजेच्या यंत्राची) सवलत वेगळ्या कलमात: खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. खिडक्या, दारं, भिंतीतलं उष्णतारोधक अस्तर वगैरेंना मिळून वेगळे १,२००. ही सवलत पुढच्या वर्षी ओढता येत नसे. त्यामुळे सगळी कामं एकाच वर्षी काढणाऱ्याचं नुकसान, आणि एका वर्षी खिडक्या, दुसऱ्या वर्षी अस्तर असं करणाऱ्याचा फायदा. ही साधी गोष्ट कित्येक ठेकेदार ग्राहकाला सांगतच नव्हते.

मोठ्या प्रकल्पांची सवलत मुळात ६ टक्केच होती. प्रचलित दराने मजुरी दिली आणि शिकाऊ उमेदवारांकडून ठरलेले तास काम करून घेतलं तरच पाचपट, म्हणजे ३० टक्के. देशी पोलाद आणि सुटे भाग वापरले तर आणखी १०, बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या परिसरात प्रकल्प उभारला तर आणखी १०. म्हणजे १० कोटी डॉलरच्या प्रकल्पाला ६० लाखही मिळू शकत होते आणि ५ कोटीही. एवढी तफावत नुसत्या कागदपत्रांवर ठरत होती. मजुरीच्या नोंदी नीट न ठेवणाऱ्याला हा फार मोठा फटका.

जर्सीतली_जाई

करदाता, भाड्याने घेतलेल्या संचाचं काय? न्यू जर्सीत 'शून्य डॉलर भरा, सौर बसवा' अशा जाहिराती भरपूर असतात. आपल्या मराठी मंडळींमध्येही ३० टक्के आपल्यालाच मिळणार असं समजून करार केलेले लोक आहेत.

करदाता

ताई, पॅनेलचा मालक जो, सवलत त्याची. भाडेकरारात मालक कंपनी असते, त्यामुळे व्यावसायिक कलमातली सवलत ती घेते आणि तुम्हाला त्याचा काही अंश कमी मासिक हप्त्याच्या रूपात मिळतो. करार वाचताना दोन गोष्टी बघायच्या: हप्ता दरवर्षी किती टक्क्यांनी वाढतो, आणि घर विकताना करार नव्या मालकाच्या नावावर कसा होतो.

आणखी एक. स्वतः विकत घेतलेल्या संचाची सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. तिथे तारीख पैसे भरल्याची धरत नाहीत, बसवणी पूर्ण झाल्याची धरतात. नोव्हेंबरात पूर्ण रक्कम भरली आणि काम जानेवारीत संपलं, तर सवलत गेली.

खनिज

सवलतींचं सगळं मान्य. पण तेलाकडे डोळेझाक करून गुण देता येणार नाहीत.

प्रचारात बायडन म्हणाले होते, केंद्र सरकारच्या जमिनीवर नवीन खोदकाम होऊ देणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये भाडेपट्टे थांबवलेही, पण जूनमध्ये लुईझियानातल्या न्यायाधीशांनी ती स्थगिती अडवली. इथवर ठीक. पण मार्च २०२३ मध्ये अलास्कातल्या विलो प्रकल्पाला परवानगी दिली, ती त्यांच्याच प्रशासनाने: ३० वर्षांत सुमारे ६० कोटी पिंपं तेल. २०२३ मध्ये देशाचं कच्च्या तेलाचं उत्पादन दिवसाला सरासरी १.२९ कोटी पिंपं, २०२४ मध्ये १.३२ कोटी. जगाच्या इतिहासात कोणत्याही देशाने इतकं तेल काढलेलं नाही. द्रवरूप नैसर्गिक वायूच्या निर्यातीत अमेरिका २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

आयआरएमध्येच एक कलम आहे ते फार थोड्यांनी वाचलंय. सरकारी जमिनीवर पवन किंवा सौर प्रकल्पाला वाट द्यायची असेल तर आधीच्या वर्षभरात ठरावीक क्षेत्र तेल-वायूसाठी लिलावात काढलेलं असलं पाहिजे. समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ही अट ६ कोटी एकरांची. म्हणजे पवनचक्कीचा रस्ता तेलविहिरीवरूनच नेला.

सनद

खनिज, ते कलम मँचिन यांच्या मतासाठी मोजलेली किंमत होती. आणि उत्पादनाच्या आकड्यात एक भेद करायला हवा. अमेरिकेतल्या तेलापैकी साधारण पाव हिस्साच केंद्राच्या जमिनीतून आणि समुद्रातून येतो. टेक्सासमधलं पर्मियन खोरं बहुतेक खाजगी आणि राज्याच्या मालकीच्या जमिनीवर आहे, तिथे राष्ट्राध्यक्षांचा भाडेपट्ट्यांवर काहीच अधिकार चालत नाही. त्यांच्या हातात जे होतं तिथे त्यांनी आखडतं घेतलं: २०२४ ते २०२९ च्या समुद्री कार्यक्रमात फक्त तीन लिलाव, तेही सगळे मेक्सिकोच्या आखातात. आजवरच्या कार्यक्रमांतली ही सगळ्यात कमी संख्या.

खनिज

भेद मान्य. विलो मात्र केंद्राच्याच जमिनीवर आहे, त्याचे गुण मी कापणारच.

वायुगळती

काळी_माती यांनी "फक्त दाम" म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. आयआरएमध्ये दंडाचं एकच कलम होतं, मिथेनवरचं.

मिथेन २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. तेल-वायूच्या ज्या आस्थापनेचं वार्षिक उत्सर्जन २५,००० टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्याच्या वर आहे, तिला हे कलम लागू होतं. विहिरींवर विकलेल्या वायूच्या ०.२० टक्क्यांपर्यंत गळती माफ, पारेषण वाहिन्यांवर ०.११ टक्के. त्याच्या वर जितके टन, तितक्या टनांवर आकार: २०२४ साठी ९०० डॉलर, २०२५ साठी १,२००, २०२६ पासून १,५००.

आता विहिरीवर हा वायू सुटतो कुठून? लोकांच्या डोळ्यांसमोर फुटलेली वाहिनी येते. प्रत्यक्षात एक मोठा वाटा छोट्या झडपांचा असतो. दूरच्या विहिरीवर वीज नसते, म्हणून टाकीतली पातळी आणि दाब सांभाळणाऱ्या झडपा वायूच्याच दाबाने उघड-मीट करतात, आणि प्रत्येक हालचालीला थोडा वायू हवेत सोडतात. रात्रंदिवस, वर्षभर. म्हणजे इथे काही बिघडलेलं नसतं, यंत्राची रचनाच तशी. उपायही अवघड नाही: लहान कॉम्प्रेसर लावून वायूऐवजी दाबलेली हवा वापरायची, किंवा सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारी विद्युत झडप बसवायची. वाचलेला वायू विकता येतो, त्यामुळे खर्चाचा काही भाग वसूलही होतो.

दुसरी जागा म्हणजे विहिरीवर नको असलेला वायू जाळणारी ज्योत. जाळलेला वायू ९८ टक्के नष्ट होतो असं कागदोपत्री धरतात. विमानातून मोजमाप केलेल्या २०२२ च्या संशोधनात प्रत्यक्ष आकडा ९१ च्या आसपास निघाला, कारण काही ज्योती विझलेल्याच असतात आणि काही वाऱ्यात अर्धवट जळतात. ९८ आणि ९१ मधला फरक लहान वाटेल, पण निसटणारा वायू २ टक्क्यांवरून ९ वर जातो, म्हणजे साडेचारपट.

आणि या कलमाचं झालं काय? मार्च २०२५ मध्ये काँग्रेसने वसुलीचा नियमच नामंजूर केला आणि जुलैच्या कायद्याने आकारणी २०३४ पर्यंत पुढे ढकलली. एकुलता एक दंड, आणि एकदाही वसूल न होता गेला. या कारकिर्दीतली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच, कारण इतक्या स्वस्तात इतकी उष्णता दुसऱ्या कुठल्याच उपायाने टळत नाही.

पाणलोट

वायुगळती, फार उपयुक्त प्रतिसाद. झडपांची बाब मला माहीत नव्हती. हा नियम दोन वर्षं आधी आला असता तर वाचला असता का?

वायुगळती

नामंजुरीची ती सोपी पद्धत फक्त ताज्या नियमांना लागू पडते. वसुलीचा नियम अंतिम झाला नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणून सापडला. गळती शोधण्याचा आणि झडपा बदलण्याचा मुख्य नियम डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला होता. तो त्या पद्धतीने उडवता आला नाही, त्याच्या मुदती नव्या नियमाने पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून हो, वेळेचे गुण कापायला हवेत.

रोहित्र

कायद्यावर इतकं बोलणं झालं, आता तारांवर येऊ. पैसा होता, पॅनेल होती, पण वीज वाहून न्यायला जागा नव्हती.

२०२३ च्या शेवटी ग्रिडला जोडणी मागणाऱ्या प्रकल्पांची रांग सुमारे २,६०० गिगावॅटची होती. अमेरिकेत तेव्हा उभी असलेली सगळी वीजकेंद्रं मिळून याच्या निम्म्याइतकी भरतात. अर्ज ते प्रत्यक्ष वीज, याला सरासरी पाच वर्षांच्या जवळपास.

इतका वेळ का लागतो? जुन्या पद्धतीत प्रत्येक अर्जाचा अभ्यास ओळीने, एकेक करून होई. समजा क्रमांक १४ च्या प्रकल्पामुळे उपकेंद्रातलं रोहित्र मोठं करावं लागणार आणि खर्च ४ कोटी डॉलर. तो सगळा १४ च्या माथी. तो घाबरून माघार घेतो. मग १५ चा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून, आणि तेच ४ कोटी आता त्याच्या माथी. तोही जातो. खर्च जास्त लागेल या भीतीने लोक चार ठिकाणी अर्ज टाकून ठेवत, म्हणून रांग आणखी फुगे. जुलै २०२३ च्या केंद्रीय आदेशाने हे बदललं: अर्जांचे गट करून एकत्र अभ्यास, खर्च वाटून, जमिनीचा ताबा दाखवल्याशिवाय अर्ज नाही, माघार घेतल्यास दंड, आणि अभ्यासाला उशीर केला तर ग्रिडचालकालाही दंड. आदेश उत्तम, पण त्याचा परिणाम दिसायला चार-पाच वर्षं लागतात.

लांब पल्ल्याच्या वाहिन्यांचं तर विचारू नका. न्यू मेक्सिकोतून ॲरिझोनापर्यंतची सनझिया वाहिनी, ५५० मैल, ३,००० मेगावॅट. नियोजन २००६ च्या सुमारास सुरू झालं आणि कुदळ पडली २०२३ मध्ये. वायुवाहिनीला केंद्राची एक परवानगी मिळाली की जमीन संपादता येते. वीजवाहिनीला प्रत्येक राज्याकडे वेगळं जावं लागतं. बायडन यांनी हे बदलायचा कायदा मंजूर करून घेतला नाही. मी इथे सगळ्यात जास्त गुण कापेन, कारण बाकीचं सगळं या तारांवर लटकलेलं होतं.

ओहायोकर

चार्जिंग केंद्रांचंही असंच. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ७.५ अब्ज डॉलर, त्यातले ५ अब्ज महामार्गांसाठी. "इतक्या पैशात मूठभर केंद्रं" ही टीका सगळ्यांनी ऐकलीय. कारणं बघा.

दर ५० मैलांना एक केंद्र, महामार्गापासून १ मैलाच्या आत. प्रत्येक ठिकाणी किमान चार जोडण्या, चारही एकाच वेळी १५० किलोवॅट देणाऱ्या, म्हणजे ६०० किलोवॅटचा भार. आयोवा किंवा ओहायोतल्या शेतांमधल्या फाट्यावर इतका भार पेलणारी थ्री-फेज वाहिनीच नसते. ती ओढायची, नवं रोहित्र मागवायचं, आणि त्या काळात रोहित्राला वर्ष-दीड वर्षाची प्रतीक्षा. शिवाय यंत्राची अंतिम जुळणी अमेरिकेत हवी, जुलै २०२४ पासून सुट्या भागांच्या किमतीतला ५५ टक्के वाटाही देशी हवा. ५० राज्यांनी ५० आराखडे करायचे, ते केंद्राने मंजूर करायचे, मग निविदा. पहिलं केंद्र सुरू झालं डिसेंबर २०२३ मध्ये, ओहायोतल्या लंडन गावाजवळ ट्रकथांब्यावर. कायदा होऊन दोन वर्षांनी.

एक अट मात्र फार चांगली होती: प्रत्येक जोडणी वर्षाच्या ९७ टक्के वेळ चालू हवी. वर्षात ५,२५,६०० मिनिटं, त्याचे ३ टक्के १५,७६८ मिनिटं, म्हणजे साधारण ११ दिवसच बंद चालेल. जुन्या केंद्रांवर तुटलेली केबल आणि काळा पडलेला पडदा हे नेहमीचं दुखणं, त्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. पण वीज कंपनीकडून पुरवठा गेला, कोणी तोडफोड केली, ठरलेली देखभाल होती, ही सगळी मिनिटं वजा करता येत. त्यामुळे कागदावर ९७ आणि चालकाच्या अनुभवात त्याहून कमी, हे होणारच होतं.

जर्सीतली_जाई

विजेच्या गाड्यांवरच्या ७,५०० डॉलर करसवलतीबद्दल राहिलं. अर्धी रक्कम बॅटरीचे भाग कुठले यावर, अर्धी त्यातली खनिजं कुठली यावर, वर जुळणी उत्तर अमेरिकेत, सेडानची किंमत ५५,००० पर्यंत, एसयूव्हीची ८०,००० पर्यंत. इथे घोळ असा की एकाच मॉडेलची पाच आसनी गाडी 'सेडान' आणि सात आसनी 'एसयूव्ही' धरली जात होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्याख्या बदलावी लागली. त्याआधी गाडी घेणाऱ्याने थांबावं की नाही हे कोणालाच कळत नव्हतं.

गाडी भाडेकराराने घेतली तर मात्र या अटी लागतच नव्हत्या, कारण ती 'व्यावसायिक वाहन' ठरे. त्यामुळे कोरियातून आलेल्या गाड्या लोक धडाधड लीजवर घ्यायला लागले. कारखाने देशात यावेत हा हेतू तेवढ्यापुरता बाजूला पडला, पण रस्त्यावर विजेच्या गाड्या वाढल्या. सगळंच ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं.

न्यू जर्सीपुरतं सांगायचं तर समुद्रातली पवनऊर्जा हे मोठं अपयश. ऑर्स्टेड कंपनीने ओशन विंडचे दोन्ही प्रकल्प, मिळून २,२४८ मेगावॅट, ३१ ऑक्टोबर २०२३ ला सोडून दिले. विजेचा दर आधीच ठरलेला, व्याजदर आणि पोलाद मागाहून वाढलेलं.

रोहित्र

जाई, त्यात जहाजांचाही प्रश्न होता. जोन्स कायद्यानुसार अमेरिकी बंदरातून समुद्रातल्या पवनचक्कीच्या पायापर्यंत माल नेणारं जहाज अमेरिकी बांधणीचं हवं. पाती उचलून बसवणारी प्रचंड जहाजं होती युरोपातली. म्हणून युरोपी जहाज जागेवरच उभं ठेवायचं आणि अमेरिकी तराफ्यांवरून एकेक पातं तिथवर न्यायचं. लाट उठली की दोन हलत्या तळांमध्ये पातं उचलता येत नाही, आणि उभ्या जहाजाचं भाडं चालूच राहतं. ३० गिगावॅटचं उद्दिष्ट जाहीर करताना हा हिशेब मांडलेला दिसत नाही.

तापमापी

उत्सर्जनाचा आकडा कोणी दिला नाही, म्हणून लिहितो. २०२४ मध्ये अमेरिका २००५ च्या सुमारे २० टक्के खाली होती. २०२० च्या टाळेबंदीत उत्सर्जन आधीच साधारण तितकंच खाली गेलं होतं. ते २०२१ मध्ये उसळलं आणि मग हळूहळू उतरलं. नुसता आकडा पाहिला तर चार वर्षांत जागच्या जागी. पण अर्थव्यवस्था तेवढ्यात बरीच वाढली, आणि कायद्याचे लाभ कसे द्यायचे याचे अंतिम नियम काही बाबतीत जानेवारी २०२५ पर्यंत आलेच नव्हते. त्यामुळे या आकड्यावर गुण देणं मला अन्यायाचं वाटतं. आयआरए चालू राहता तर २०३० पर्यंत ४० टक्क्यांच्या आसपास घट होईल असा बहुतेक स्वतंत्र अंदाजांचा सूर होता. ५० तेव्हाही दूरच होते.

एका कामाची दखल अजून कोणी घेतली नाही: एक टन कार्बनमुळे होणाऱ्या नुकसानीची किंमत. बायडन प्रशासनाने आधी ती ५१ डॉलर धरली, २०२३ च्या अखेरीस पर्यावरण संस्थेने १९० केली. बराचसा फरक पडतो भविष्यातलं नुकसान आजच्या पैशात आणण्याच्या दराने. शंभर वर्षांनंतर होणारं १०,००० डॉलरचं नुकसान ७ टक्के दराने आज अवघे साडेअकरा डॉलर, ३ टक्के दराने ५२०, आणि २ टक्के दराने १,३८०. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ३ आणि ७ टक्के वापरले, शिवाय फक्त अमेरिकेतलं नुकसान मोजलं. म्हणजे मराठवाड्यातला दुष्काळ किंवा कोकणातलं चक्रीवादळ त्या हिशेबात शून्य. बायडन यांच्या काळात जगभरचं नुकसान धरलं. आपल्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा होता.

काळी_माती

तापमापी, हिशेबात धरलं हे चांगलंच, पण देताना हात आखडला. दुबईच्या हवामान परिषदेत, हवामान बदलाची झळ बसलेल्या गरीब देशांसाठीच्या हानी-भरपाई निधीला अमेरिकेने जाहीर केले १.७५ कोटी डॉलर. यजमान अमिरातीने १० कोटी दिले. माणशी उत्सर्जन अमेरिकेत साधारण १४ टन, आपल्याकडे २. ऐतिहासिक जबाबदारी धरली तर ही रक्कम मनाला लागते. बायडन स्वतः त्या परिषदेला गेलेही नाहीत. माझे गुण ४०.

सनद

पाणलोट यांचा मूळ प्रश्न टिकण्याचा होता. टिकलेल्या गोष्टीही मांडायला हव्यात.

एसी आणि फ्रीजमधले एचएफसी वायू २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करणारा कायदा डिसेंबर २०२० चा, म्हणजे बायडन यांच्या आधीचा. पण त्याचे नियम त्यांनी केले आणि किगाली दुरुस्तीला (हेच वायू जगभर कमी करण्याच्या कराराला) सिनेटची मान्यता मिळवली, तीही ६९-२७ ने, दोन्ही पक्षांच्या मतांनी. ग्रिडवरच्या बॅटऱ्यांची पूर्ण सवलत २०३३ पर्यंत शाबूत आहे, चिनी भागांवर कडक अटी मात्र आल्या. अणुऊर्जेच्या सवलतीही टिकल्या.

प्रत्यक्ष उभं काय राहिलं? ग्रिडवरच्या बॅटऱ्या २०२० अखेर दीड गिगावॅटच्या आत होत्या, २०२४ अखेर सुमारे २६. जॉर्जियात डाल्टन आणि कार्टर्सव्हिलला सौर पॅनेलचे प्रचंड कारखाने आहेत. कायदा रद्द झाला म्हणून ते उखडून नेता येत नाहीत.

यातली बहुतेक गुंतवणूक रिपब्लिकन मतदारसंघांत गेली होती. आपल्या गावातल्या नोकऱ्या कोण घालवेल, हा राजकीय हिशेब त्यामागे होता. मार्च २०२५ मध्ये २१ रिपब्लिकन खासदारांनी सवलती ठेवा असं पत्रही दिलं. पण ३ जुलैच्या मतदानात त्या पक्षाचे फक्त दोघे विरोधात गेले. हा हिशेब चुकला, हे मान्य करायला हवं. माझे गुण ६२.

खनिज

५०. विलोचे कापले, झडपांचे दिले.

पाणलोट

करदाता, एक शेवटचा प्रश्न. पवन आणि सौर प्रकल्पांनी ४ जुलै २०२६ च्या आत 'बांधकाम सुरू' करायचं अशी मुदत कायद्यात घातली होती. सुरू म्हणजे नेमकं काय धरतात?

करदाता

पूर्वी एकूण खर्चाच्या ५ टक्के रक्कम खर्च केली तरी 'सुरू' धरत. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सोय दीड मेगावॅटपर्यंतच्या छोट्या सौर प्रकल्पांपुरतीच ठेवली. बाकीच्यांना प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. जमिनीचं सर्वेक्षण, परवानग्या, माती परीक्षणाचे खड्डे, झाडझाडोरा काढून सपाटीकरण, यातलं काहीच मोजत नाहीत. पवनचक्कीच्या पायाचा खड्डा, त्यातले बोल्ट, काँक्रीट, किंवा सौर पॅनेलच्या आधाराचे खांब रोवणं, हे मोजतात. नंतर काम सतत चालू ठेवायचं, पण सुरुवातीच्या वर्षानंतर चार कॅलेंडर वर्षांत प्रकल्प पूर्ण झाला तर सातत्य आपोआप मान्य. ज्यांनी त्या मुदतीच्या आतही काम सुरू केलं नाही, त्यांना २०२७ अखेरपर्यंत वीज सुरू करूनच सवलत मिळते.

रोहित्र

म्हणजे २०२६ च्या पूर्वार्धात ज्याने पायाचा खड्डा खणला, त्याला ३१ डिसेंबर २०३० पर्यंत मुभा. बायडन यांचं ५० टक्क्यांचं उद्दिष्टही २०३० चंच. तारा पोचल्या तर त्यातली पाती तोवर फिरायला लागतील. पाणलोट, तुमची गुणपत्रिका तोवर पेन्सिलीनेच लिहून ठेवा.

पाणलोट

ठेवतो. काठावरून ५५ केले, मिथेनचा रकाना मोकळा सोडलाय.